अक्षराचे वळण आणि यंत्राची सोय

टायपोग्राफी, म्हणजे मुद्राक्षररचना, ही आधीच घडवून ठेवलेल्या अक्षरांची मांडणी करण्याची विद्या आहे. पोथी उतरवणारा लेखनिक प्रत्येक अक्षर नव्याने काढत असे आणि ओळीत उरलेली जागा पाहून त्याला किंचित आखूड किंवा ऐसपैस करत असे. मुद्राक्षररचनेत मात्र अक्षराचा आकार दुसऱ्या कोणीतरी, कदाचित कित्येक वर्षांपूर्वी, ठरवून टाकलेला असतो, आणि ते अक्षर किती मोठे घ्यायचे, कोणाच्या शेजारी बसवायचे, दोन ओळींत किती अंतर ठेवायचे, पानावर कोरी जागा कुठे सोडायची एवढे निर्णय रचनाकाराच्या हाती उरतात. हे निर्णय वरवर किरकोळ दिसतात. पण कादंबरी सलग वाचवते की दहा पानांनंतर डोळे शिणतात, स्थानकाचे नाव चालत्या गाडीतून वाचता येते की नाही, औषधाच्या वेष्टनावरची सूचना म्हाताऱ्या माणसाला लागते की नाही, हे सारे त्यांच्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात उपयोजित कलेचे शिक्षण नवे नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्येच सुरू झाला. तरीही विद्यार्थ्याची मुद्राक्षररचनेशी पहिली ओळख आजही बहुतेक रोमन लिपीच्या द्वारे होते. अक्षरांच्या टोकांना असलेले आडवे पाय, म्हणजे सेरिफ, लहान अक्षराची उंची, म्हणजे एक्स-हाइट, मोठी आणि छोटी लिपी, तिरपे वळण, अक्षरांमधील अंतर वाढवण्याचे नियम अशी सगळी सामग्री त्याच्या हाती येते, आणि मग पहिलेच खरे काम म्हणून मराठी जाहिरात, मराठी पुस्तक किंवा मराठी पाटी समोर ठाकते, तेव्हा त्या सामग्रीपैकी निम्मी लागू पडत नाही असे ध्यानात येते. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, सेरिफ या अर्थाने पाय नाहीत, आणि अक्षरे एकमेकांपासून दूर नेली तर त्यांना जोडणारी रेषाच तुटते. प्रस्तुत ग्रंथाची मांडणी म्हणूनच देवनागरीपासून, आणि त्यातही मराठी लिहिण्याच्या देवनागरीपासून, सुरू होते. त्यामागची धारणा अशी की, आज जे देवनागरी अक्षर छापलेले दिसते त्यातला काही भाग लिपीच्या स्वभावाचा आहे आणि काही भाग वेगवेगळ्या यंत्रांनी आपल्या सोयीसाठी त्यावर लादलेला आहे. आणि या दोहोंतला भेद ओळखता येणे हेच या विषयातले प्राथमिक शिक्षण होय.

लिपीच्या स्वभावापासून आरंभ करणे योग्य ठरेल. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते, तर देवनागरी अक्षर वरच्या रेषेला लटकलेले असते. ही वरची रेषा म्हणजे शिरोरेषा. अक्षराचा मुख्य देह शिरोरेषा आणि पादरेषा यांच्यामध्ये सामावतो, आणि अक्षररचनेच्या अभ्यासकांनी या दोहोंमध्ये स्कंधरेषा, नाभिरेषा, जानुरेषा अशा अदृश्य आडव्या रेषा कल्पिल्या आहेत, ज्यांच्या आधारे एकाच वळणातील, म्हणजे एका शैलीत घडवलेल्या अक्षरसंचातील, सर्व अक्षरांचे खांदे, पोट आणि गुडघे एका पातळीवर येतात की नाही हे तपासता येते. देहाच्या वर एक मजला असतो, ज्यात मात्रा, वेलांटीची कमान, रफार, अनुस्वार आणि चंद्र राहतात. देहाच्या खाली दुसरा मजला असतो, ज्यात उकार, ऋकार आणि पाय मोडण्याची खूण राहते. म्हणजे देवनागरीची प्रत्येक ओळ खरे पाहता तीन मजली असते, आणि ‘कीर्तीं’सारख्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर दाटीने बसतात तेव्हा वरच्या मजल्याची उंची किती ठेवायची हा प्रश्न अक्षर घडवणाऱ्यालाही सुटलेला नसतो.

अक्षराची जाड-बारीक रेघही यदृच्छेने येत नाही. रुंद टोकाची लेखणी एका ठराविक कोनात धरून ओढली की एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. रोमन अक्षरांत डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेघ जाड असते. देवनागरीच्या बोरूची टाच उलट्या अंगाने कापलेली असल्याने येथे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड होते. हा तपशील लहान वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत, कारण रोमन वळणाचा डौल जसाच्या तसा उचलून त्यावरून देवनागरी बेतली की जाडी चुकीच्या जागी येते आणि अक्षर वाचता आले तरी परके दिसते. बाजारात अशी वळणे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही लोकप्रियही आहेत. लोकप्रियता हा मात्र त्यांच्या बाजूचा पुरावा मानता येत नाही.

व्यंजनांचे वर्गीकरण वर्णमालेच्या क्रमाने न करता दंडाच्या, म्हणजे उभ्या रेघेच्या, स्थानावरून केले तर रचनेच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडते. ख, ग, घ, च, ज, त, न, प, म, स अशा बहुसंख्य अक्षरांचा दंड उजव्या कडेला असतो. क आणि फ यांचा दंड मध्यभागी असतो. ट, ठ, ड, ढ, द, र, ळ, ह, छ यांना पूर्ण दंडच नसतो. जोडाक्षर कसे बनेल हे या भेदावरून ठरते. कडेचा दंड असलेल्या अक्षराचा दंड गाळला की अर्धे अक्षर तयार होते आणि ते पुढच्या अक्षराला सहज चिकटते. मधल्या दंडाच्या अक्षराची उजवी बाजू आखडून घ्यावी लागते. आणि बिनदंडाच्या अक्षरांपुढे दोनच मार्ग उरतात, एक तर पुढचे अक्षर त्यांच्या खाली किंवा पोटात बसवायचे, जसे ट्ट, द्ध, द्व, ह्म यांत घडते, किंवा पाय मोडून पुढचे अक्षर शेजारी पूर्ण लिहायचे. पहिल्या मार्गाने अक्षर खोल होते आणि लहान आकारात त्यातल्या पोकळ्या बुजतात, दुसऱ्याने शब्द लांबतो आणि सवयीच्या वाचकाला अडखळायला होते. बालभारतीच्या अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत पाय मोडून आडव्या मांडणीला पसंती दिली गेली, ती लहान मुलांना जोडाक्षरातील घटक वेगळे दिसावेत म्हणून; त्यावर पालकांनी आणि भाषाभ्यासकांनी घेतलेले आक्षेपही तितकेच समजण्यासारखे आहेत, कारण मूल शाळेबाहेर जे वाचते ते उभ्या जोडाक्षरांतच छापलेले असते.

मराठीच्या काही गरजा देवनागरी वापरणाऱ्या इतर अनेक भाषांना नसतात. ळ हे अक्षर मराठीत पावलोपावली येते आणि तरीही हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या काही वळणांत ते मागाहून जोडल्यासारखे अशक्त दिसते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदी प्रकाशनांत रुळलेल्या वळणांहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना त्यांची दखल घेतली. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी ॲ हे स्वराक्षर लागते, ज्याला युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीत स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र बसवून किंवा चक्क ‘ऍ’ लिहून वेळ निभावत असत. सर्वांत नाजूक प्रकरण अर्ध्या ‘र’चे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. हा भेद दाखवणारा आडवा अर्धा र ज्या वळणात नाही, किंवा असूनही ओबडधोबड आहे, ते वळण मराठी पुस्तकासाठी बाद समजावे.

लिपीचे हे सारे स्वभावधर्म घेऊन देवनागरी छापखान्यात उशिरा आली. युरोपात योहान गुटेनबर्गने सुट्या धातूच्या अक्षरांनी छपाई पंधराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केली, आणि गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये पोहोचले. परंतु फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते मराठी भाषेत आणि रोमन लिपीत. कारण उघड होते. रोमन लिपीचे काम जितक्या खिळ्यांत, म्हणजे सुट्या धात्वक्षरांत, भागे त्याच्या कित्येक पट खिळे देवनागरीला लागत, आणि प्रत्येक खिळ्यासाठी पोलादी ठसा कोरणे, त्यावरून साचा काढणे आणि शिशाचा रस ओतणे ही कामे करणारा कारागीर हवा असे. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या वनस्पतिग्रंथात नागरी लिपीतील कोंकणी मजकूर आहे, पण तो खिळ्यांनी जुळवलेला नसून पत्र्यावर कोरून छापलेला आहे. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे व्याकरण छापण्याचे काम पुढे बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ मध्ये केले, आणि तिथल्या ठशांमागे पंचानन कर्मकार व त्याच्या घराण्याचे कसब होते.

मुंबईत या कसबाला वेगळे वळण लागले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात लेखनिकाने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे दगडावरून कागदावर उतरत असल्याने तिथे लिपीला यंत्रापुढे वाकावे लागत नसे, आणि म्हणून ती पद्धत खिळाछपाईच्या बरोबरीने दीर्घकाळ टिकली. खिळ्यांच्या बाबतीत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहम आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले कारागीर यांनी मुंबईच्या वळणाचा पाया घातला, आणि त्याच छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. जावजींच्या ओतशाळेसाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांतून जी अक्षरे निघाली त्यांचा भरदार देह, स्वच्छ पोकळ्या आणि संयत गोलाई देशभरच्या संस्कृत आणि मराठी ग्रंथांत इतकी पसरली की, पुढच्या कित्येक पिढ्यांना देवनागरी म्हणजे हेच वळण असे वाटू लागले. अ, झ, ण यांच्या आणि ५, ८, ९ या अंकांच्या बाबतीत उत्तरेकडील जुनी रूपे मागे पडून मुंबईची रूपे सर्वत्र रूढ झाली, त्यामागे मुंबईच्या ओतशाळांच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. प्रमाण अक्षर कोणी विद्वत्सभेने ठरवण्याआधी ते गिऱ्हाइकांनी ठरवले होते, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही खिळ्याने तडजोड मागितलीच. मात्रा आणि उकार वेगळ्या छोट्या खिळ्यांत ओतून तीन थरांत जुळवायचे, की अक्षरासह अखंड ओतायचे, असे दोन पर्याय होते. पहिल्यात जुळाऱ्याची मेहनत वाढे आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावरून सरकलेली दिसे, दुसऱ्यात खिळ्यांचे खण इतके वाढत की जुळाऱ्याला त्यांच्यापुढे येरझाऱ्या घालाव्या लागत. खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रयत्नांत लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले होते, ही गोष्ट संपादक आणि छापखान्याचा मालक या दोन्ही नात्यांनी त्यांना रोज काय दिसत होते हे पाहता नवलाची नाही. विसाव्या शतकात ओळच्या ओळ ओतणारे लायनोटाइप यंत्र आणि टंकलेखनयंत्र आले तेव्हा अडचण आणखी वाढली, कारण तिथे कळांची संख्या ठरलेली होती आणि लायनोटाइपमध्ये एका अक्षराचा भाग शेजारच्या अक्षरावर झुकवण्याची सोयही नव्हती. मग यंत्राला लिपी जमत नाही याचा अर्थ लिपीतच दोष आहे असा काढला जाऊ लागला. सावरकरांनी ‘अ’लाच सर्व स्वरचिन्हे जोडून अि, अी, अु अशी रूपे प्रचारात आणली, लिपिसुधारणेसाठी भरलेल्या १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे सुचवले, आणि विरोध झाल्यावर काही वर्षांत ती सूचना मागे घ्यावी लागली. या सुधारणांमागचा हेतू प्रामाणिक होता आणि मुद्रणाचा खर्च ही खरी अडचण होती. परंतु ज्या यंत्रांसाठी लिपी बदलायची होती ती यंत्रे चाळीस वर्षांत भंगारात गेली आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या जागी राहिली, हे या विषयाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर, आणि खिळ्यांच्या युगाचा तपशील जाणून घेण्यासाठी त्याला आजही पर्याय नाही.

संगणकाने आरंभी जुनीच अडचण नव्या रूपात आणली. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या, पहिल्या काळातील फॉन्टमध्ये अडीचशेच्या आसपास जागा असत, त्या मुळात रोमन अक्षरांसाठी राखलेल्या होत्या, आणि त्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे, अर्धी अक्षरे, दंड आणि मात्रा प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने कोंबल्या होत्या; त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराची अगम्य चिन्हे होत. युनिकोडने प्रत्येक वर्णाला ठरलेला संकेतांक दिला आणि अक्षराचा अर्थ त्याच्या आकारापासून वेगळा केला. आता टंकलेखक ‘क’ आणि मग ‘ि’ टाइप करतो, साठवणही त्याच क्रमाने होते, आणि वेलांटी ‘क’च्या डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम फॉन्ट आणि अक्षर जुळवणारी प्रणाली मिळून करतात, ओपनटाइप या फॉन्टच्या रचनेत कोणत्या वर्णांच्या जोडीला कोणते जोडाक्षर दाखवायचे याचे नियमही साठवलेले असतात. यातून एक व्यावहारिक शिस्त निघते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची जुळणी निवडलेली नसेल तर रफार आणि वेलांट्या चुकीच्या जागी पडतात, आणि मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठरवली तर अनेक चांगल्या फॉन्टमधून मराठी ल आणि श आपोआप मिळतात. या दोन गोष्टी न तपासता छापायला गेलेले काम आजही रस्तोरस्ती फलकांवर पाहायला मिळते.

या संक्रमणात रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे नाव टाळता येत नाही. सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक या तिन्ही नात्यांनी त्यांनी भारतीय लिप्यांचा विचार केला आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हे वळण घडवले, जे विंडोज २००० पासून घरोघरच्या संगणकांवर पोहोचले. मंगल हे त्या काळच्या कमी ठिपक्यांच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावे यासाठी बेतलेले होते. त्याच वळणात शासकीय परिपत्रकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सर्व काही छापले जाऊ लागले, हा दोष वळणाचा नसून आयते मिळाले ते वापरण्याच्या वृत्तीचा आहे. गेल्या दीड दशकात मात्र निवडीला वाव मिळाला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेली मुक्त आणि बलू ही वळणे, निनाद काळे यांनी देवनागरी बाजू सांभाळलेले पॉपिन्स, मुंबईच्या लोकल गाड्यांच्या जगातील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेले यात्रा अशी कितीतरी वळणे विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि विद्यार्थ्याने ती नुसती वापरण्यापेक्षा मोठी करून शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्या तुलनेत एक गोष्ट हमखास दिसेल: भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातला भेद शिरोरेषेतल्या लहानशा खंडावर उभा असतो, आणि अक्षर अतिशय ठळक केले की प्रथम बुजते ती हीच जागा. तसेच र आणि व जवळ आले की ख होतो. ख चा पाय जोडून लिहिण्याची रीत याच गोंधळावरचा उपाय म्हणून रूढ झाली.

आता पानाकडे वळता येईल. अक्षराचे माप पॉइंटमध्ये मोजतात, आणि संगणकीय मांडणीत एका इंचात ७२ पॉइंट धरले जातात. पण हे माप अक्षराच्या दिसणाऱ्या देहाचे नसून त्याला दिलेल्या पूर्ण उभ्या जागेचे असते. देवनागरीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांना त्याच जागेत सामावून घ्यावे लागत असल्याने १२ पॉइंटचे देवनागरी अक्षर १२ पॉइंटच्या रोमनपेक्षा अनेकदा लहान भासते, आणि रोमनवरून ठरवलेले माप मराठीला लावले की पुस्तक बारीक टाइपातले वाटते. ओळींमधील अंतराला छापखान्यात लेडिंग म्हणत, कारण ते ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालून साधले जाई; देवनागरीत ते सढळ ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळ वरून आधीच आखल्यासारखी असते, त्यामुळे अंतर कमी पडले की पान काळ्या पट्ट्यांचे दिसू लागते. ओळीची लांबी ठरवताना रोमनसाठी सांगितलेली अक्षरसंख्या कामाची नाही, कारण मराठीत एका अक्षरात तीन-चार वर्ण सामावतात. साधारण पुस्तकी पानावर आठ ते बारा शब्दांची ओळ सुखाने वाचता येते, असे मानून पुढचे डोळ्याने ठरवावे.

दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह हे मराठी मांडणीतले जुने दुखणे आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटत असल्याने ‘विद्यापीठांमधल्यासारखे’ असे लांब शब्द सहज तयार होतात, आणि वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात असा एक शब्द पुढच्या ओळीत ढकलला की मागच्या ओळीतले तीन-चार शब्द एकमेकांपासून फुटभर दूर फेकले जातात. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवले जाते, आणि मग शिरोरेषेचे तुकडे पडतात किंवा ती रबरासारखी ताणलेली दिसते. हा उपाय रोगाहून वाईट आहे. शब्द योग्य जागी तोडून जोडरेघ देणे किंवा उजवी कड मोकळी सोडणे हे दोन पर्याय अधिक सभ्य आहेत, आणि त्यांतील दुसरा मराठी संपादकांना अजून फारसा रुचलेला नाही.

महत्त्वाचे आणि कमी महत्त्वाचे यांतला श्रेणीक्रम दाखवण्यासाठी रोमन लिपीकडे मोठी अक्षरे आणि तिरपे वळण ही दोन आयती साधने आहेत. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, आणि संगणकाने सरळ अक्षराला नुसते कलते केले तर दंड ढासळल्यासारखे दिसतात. म्हणून येथे भर द्यावा लागतो तो आकार, ठळकपणा, रंग आणि कोरी जागा यांच्यावर. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे: भिंतीवर टांगलेल्या एकाच कागदावर तारखेचा अंक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा लागतो, तिथी आणि सण जवळ जाऊन वाचता यावे लागतात, आणि मागच्या बाजूचा लेख हातात धरून वाचायचा असतो. वाचनाची तीन अंतरे एका कागदावर हाताळणारे हे उदाहरण सौंदर्याच्या स्पर्धेत उतरणार नाही, पण ते काम करते. आणि कोणत्या अंतरावरून कोण काय वाचणार हा प्रश्न मांडणीच्या आधी विचारायचा असतो हे त्यातून कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळते.

मुद्राक्षररचना आणि अक्षरलेखन यांतली सीमारेषाही येथेच स्पष्ट केलेली बरी. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि नियतकालिकांसाठी काढलेली शीर्षके म्हणजे त्या त्या नावासाठी एकदाच घडवलेली अक्षरे होती; त्यातला ‘ग’ उचलून दुसऱ्या शब्दात बसवला तर तो तिथे उपरा ठरेल. मुद्राक्षर मात्र कोणत्याही शब्दात, कोणत्याही शेजाऱ्याजवळ बसायला तयार असावे लागते. विद्यार्थ्याने हाताने अक्षरे काढण्याचा सराव अवश्य करावा, कारण पोकळी आणि जाडी यांची जाण त्यातूनच येते, पण शीर्षकात शोभलेला डौल मजकुराच्या वळणाकडून मागू नये.

मराठी मुद्रण पहिल्यापासून दुभाषिक राहिले आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत येत असे, आणि आजची दुकानाची पाटी, बँकेचा अर्ज किंवा मोबाइलचा पडदा दोन लिप्या एकत्र वागवतोच. अशा वेळी दोन्ही लिप्यांना एकच माप देणे चुकीचे ठरते. देवनागरीच्या देहाची उंची रोमनच्या छोट्या अक्षरापेक्षा थोडी जास्त आणि मोठ्या अक्षरापेक्षा थोडी कमी राहिली की दोन्ही मजकूर समान वजनाचे दिसतात. त्याबरोबर दोन्हींची काळी-करडी छटा जुळते की नाही, हे पान डोळे किलकिले करून पाहिले की लगेच समजते. दोन लिप्यांचे आकार सारखे दिसलेच पाहिजेत असा हट्ट मात्र अनावश्यक आहे. रोमनच्या गोल ‘ओ’शी जुळवण्यासाठी ‘ठ’ला कंपासाने काढलेले वर्तुळ करून टाकणारी वळणे वाचकाचे काही भले करत नाहीत.

ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाअखेर दिलेली प्रात्यक्षिके छापील प्रतीवर करायची आहेत, कारण पडद्यावर मोठे करून पाहिलेले अक्षर आणि कागदावर ११ पॉइंटमध्ये छापलेले अक्षर यांत फार अंतर असते. एखादे वळण मराठी मजकुरासाठी निवडण्यापूर्वी ‘दऱ्याखोऱ्यांत’, ‘उद्ध्वस्त’, ‘ऊर्ध्व’, ‘कीर्तीं’, ‘दृष्ट्या’, ‘ब्राह्मण’, ‘ॲल्युमिनियम’, ‘हृदय’, ‘कॉँक्रीट’, ‘रवाखाना’, ‘धनघोर’ आणि ‘थय्य’ हे शब्द, त्यांतील काही अर्थहीन असले तरी, तीन मापांत छापून पाहावेत: आडवा अर्धा र आहे का, द्ध मधली पोकळी उघडी राहते का, वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत शिरतात का, ‘रव’ आणि ‘ख’ वेगळे ओळखू येतात का, ध आणि घ यांच्या शिरोरेषांतला फरक सर्वांत लहान मापात टिकतो का. त्यानंतर तेच शब्द ठळक वळणात छापावेत, आणि मगच वळणाच्या सौंदर्याविषयी चर्चा सुरू करावी.